काकडीखालचा खड्डा

मित्रांनो, यंदा ऑगस्टच्या नऊ तारखेला मी मेलो. माझ्या तळाशी घोट्यापर्यंत पाणी साचले, अर्ध्या घोड्याचे मांस नासले, आणि वास असा सुटला की शेजारचा कुत्रा आधी आनंदाने धावत आला आणि मग विचारात पडून परत गेला.

पण ते जाऊ द्या. तसे काही झालेले नाही.

मी एक जुना खड्डा आहे. तब्येत उत्तम आहे.

खड्डा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे रस्ता आला असेल. मी त्या घराण्यातला नव्हे. रस्त्यातले खड्डे आपोआप पडतात, मला मुद्दाम पाडले. सायबेरियातल्या व्हिल्युई नदीकाठी जमीन हातभर खाली बाराही महिने गोठलेली असते. तिथे ओग्दो नावाच्या बाईच्या अंगणात मी दोन पुरुष खोल आहे. वर मातीचे उंचवट्यासारखे छत, त्याच्या एका कडेला तोंडावर एकाखाली एक अशी लाकडाची दोन झाकणे, आत एक शिडी, आणि चहूबाजूंनी दगडासारखी गोठलेली माती. घोड्याचे मांस, तळ्यातले मासे, सायीच्या वड्या आणि उन्हाळ्यात चहासाठी लागणारे बर्फाचे ठोकळे हे सगळे माझ्या पोटात राहते. माझ्यात काहीच नाही म्हणून तर मी खड्डा आहे, पण माझ्यात काही नसते असा दिवस ओग्दोने कधी येऊ दिला नाही.

मला ओग्दोच्या नवऱ्याने, उयबानने, लग्नाच्या वर्षी खणले. सकाळी शेकोटी पेटवायची, मातीची वीतभर साल मऊ झाली की पहारीने उकरायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शेकोटी. असे सव्वा महिना चालले. म्हणजे माझे आणि उष्णतेचे भांडण माझ्या जन्माच्याही आधीचे आहे.

काम संपले त्या दिवशी नव्या नवरीने वरून डोकावून पाहिले.

"एवढ्यासाठी महिनाभर माझ्याशी धड बोलला नाहीस होय रे?"

"बोललो असतो तर भिंती वितळल्या असत्या," खालून उयबान म्हणाला.

गावातल्या बायका पदराआड हसल्या असत्या, पण तिकडे पदर नसतात, म्हणून उघडच हसल्या. "नवऱ्यानं काय दिलं गं तुला? खड्डा?"

"तुझ्या नवऱ्यानं दिलेली कर्णफुलं जुलैत उकडून खाता येतात का गं?" ओग्दोने विचारले. पुढच्या वर्षी गावात आणखी चार खड्डे झाले.

माझी कामाची पद्धत साधी आहे. हिवाळ्यात माझी दोन्ही झाकणे उघडी टाकायची, म्हणजे उणे पन्नासची थंडी मी पोटभर गिळतो. माझ्या छतावर बर्फ पडला की तो लगेच झाडायचा, कारण बर्फ म्हणजे गोधडी. माणसाला गोधडी घालतात ते माया म्हणून. खड्ड्याला गोधडी घातली की तो आतून आजारी पडतो. एप्रिलमध्ये झाकणे लावायची, मध्ये गवत ठासायचे, आणि मग पुढचे पाच महिने मी ती गिळलेली थंडी पुरवून पुरवून वापरतो. दोन्ही झाकणे एकदम उघडायची नाहीत. आत उतरल्यावर बोलायचे नाही, कारण तोंडाची वाफ भिंतींना लागते. नवरा-बायको कधीच भांडले नाहीत अशी त्या घरातली एकमेव जागा म्हणजे मी.

शेजारचा मिकीतेन तर सगळीकडे सांगत फिरे, "ओग्दोच्या खड्ड्यात सासू ठेवली तर जुलैत ताजी निघेल." ओग्दोची सासू तेव्हा हयात होती. ती चार वर्षे त्याच्याशी बोलली नाही. मला मात्र ते वाक्य प्रशस्तिपत्रक म्हणून आजही पाठ आहे.

मग उयबान गेला. त्यालाही याच गोठलेल्या मातीत ठेवले. ओग्दो कधीकधी म्हणते, "तो तिथं अजून पंचावन्नचाच असेल. म्हातारी एकटी मीच झाले."

त्यांच्या मुलाने, ब्योतुरने, शहरातून फ्रीझर आणला. घराबाहेर उणे पन्नास, फ्रीझरच्या आत उणे अठरा. म्हणजे आमच्याकडे हिवाळ्यात मांसाला जरा ऊब मिळावी म्हणून त्याला फ्रीझरमध्ये ठेवतात. मी त्याचा द्वेष केला नाही. तो एक डबा आहे, त्यात घोड्याची एक तंगडी मावते. मी खड्डा आहे, माझ्यात घोडा मावतो.

पण लक्ष उडाले ते उडालेच. ओग्दोचे गुडघे गेले, आणि माझ्या डोक्यावरचा बर्फ झाडायचे काम ब्योतुरकडे आले. ब्योतुर मनाने चांगला आहे. तो रोज म्हणे, "आई, उद्या झाडतो." असे दोन हिवाळे मी गोधडीखाली काढले. भिंतींना बारीक घाम येऊ लागला. खड्ड्याला तोंड असते, पण ते झाकण लावण्यापुरतेच. मी कोणाला काही सांगू शकलो नाही.

आता सार्गिलानाबद्दल सांगतो. ही ओग्दोची सून, घरात तिला सार्गी म्हणतात. याकुत्स्क शहरात वाढलेली, पण गाई दोहण्यापासून तळ्यातला बर्फ करवतीने कापण्यापर्यंत सगळे शिकली. तीन वर्षे तिने हू की चू केले नाही. फक्त रस्त्याने गाडी गेली की दिसेनाशी होईपर्यंत ती तिच्याकडे पाहत उभी राही.

यंदा मार्चमध्ये एके दुपारी ती माझ्या तोंडाशी ब्योतुरला म्हणाली, "इथं सगळं आईंचं आहे रे. गाई त्यांच्या, गवत त्यांचं, खड्डासुद्धा त्यांचा. मला इथं एक तरी गोष्ट माझी हवी. नाहीतर या शरदात आपण शहरात जाऊ. ताईनं खोली बघून ठेवलीय."

ब्योतुर म्हणाला, "बघू." आमच्याकडे पुरुष 'बघू' म्हणाला की सामान बांधायला घेतात.

त्यांना माहीत नव्हते की ओग्दो त्या वेळी माझ्या आत, शिडीच्या खाली, मासे काढत होती. आत बोलायचे नाही हा नियम तिने स्वतःच केलेला. हातात गोठलेला मासा घेऊन ती इतका वेळ उभी राहिली की मासा मऊ होऊ लागला. मुलगा-सून गेले तर सहा गाई, दोन तळी आणि एवढा हिवाळा ती एकटी ओढू शकत नाही. तिला ते माहीत होते, मलाही माहीत होते.

दुसऱ्या दिवशी ती अंगणात सुनेला म्हणाली, "सार्गी, तुला काकड्या लावायच्या होत्या ना?"

"कुठं लावू आई? जमीन बर्फ आहे नुसती. शेणाचा उंच वाफा घातला तरच जमेल, आणि त्याला उंच, कोरडी, उन्हातली जागा पाहिजे."

"आहे की." ओग्दोने माझ्याकडे बोट केले.

माझे छत म्हणजे अंगणातला एकमेव उंचवटा. त्याच्यावर पन्नास वर्षांचे शेवाळ, त्याने उन्हाळ्यात ऊन अडायचे.

"अहो, पण खाली तुमचा खड्डा आहे! शेणाची ऊब लागेल त्याला."

"लागू दे. पन्नास वर्षं गोठलाय तो. तुझ्या चार काकड्यांनी काय होतंय त्याला?"

मित्रांनो, ओग्दो माझ्याशी कधी खोटे बोलली नव्हती. तेव्हाही नाही. ती सुनेशी बोलत होती.

मे महिन्यात माझ्या डोक्यावरचे शेवाळ खरवडले. वर कमरेइतके ताजे शेण रचले, त्यावर माती, त्यावर प्लॅस्टिकचे छप्पर. ताजे शेण आतून तापते, हात घातला तर चटका बसतो. जगातल्या सगळ्यात थंड गावांपैकी एका गावात, सगळ्यात थंड वस्तूच्या डोक्यावर, माणसांनी चूल मांडली आणि तिच्यात काकडी पेरली.

मिकीतेन कुंपणापाशी येऊन उभा राहिला.

"ओग्दो, डोकं ठिकाणावर आहे का? खड्ड्यावर शेण? अगं, उयबान उठून बसेल!"

"बसू दे. त्याला बघून बरीच वर्षं झाली."

"हसण्यावारी नेऊ नकोस. ऑगस्टात मांस सूप होईल तिथल्या तिथे. माझा खड्डा बघ, दगड आहे दगड! शेवाळाला कोणी बोट लावलं नाही."

"मिकीतेन," ओग्दो म्हणाली, "तुझ्या खड्ड्यात आहे काय?"

मिकीतेनची तिन्ही मुले शहरात आहेत.

"दोन मासे," तो म्हणाला.

"हं," ओग्दो म्हणाली.

मिकीतेनने टोपी सारखी केली आणि तो घरी गेला. जाताना कुंपणाची फळी सैल होती, ती ठोकून गेला.

जून उजाडला. वेल चढले, पण काकडी धरेना. सार्गी रोज शेणात कोपरापर्यंत हात घालून बघे. "आई, खालून गारवा येतोय हो. मुळं आखडून बसलीत."

तो गारवा मी होतो. माझ्याकडे दुसरे काही नव्हतेच.

"मग शेण वाढव," ओग्दो म्हणाली.

शेण वाढले. वर सार्गी थंडीशी लढत होती, खाली मी उकाड्याशी लढत होतो, आणि दोघेही या घराच्या अन्नासाठीच लढत होतो. मला लढण्यासाठी एकच हत्यार होते, ठिबकणे. मी ठिबकलो. कोणी ऐकले नाही. ठिबकल्याने माझेच नुकसान झाले.

जुलैत ब्योतुर गवत कापायला तीन आठवडे दूरच्या कुरणात गेला. ओग्दो रोज सकाळी गुडघे धरत शिडीने उतरे, माझ्या भिंतीला हात लावी. हात ओला होई. तो ती पोटाशी पुसे आणि वर जाई. एका सकाळी तिने पन्नास वर्षांचा नियम मोडला. भिंतीला तोंड लावून हळूच म्हणाली, "सप्टेंबरपर्यंत धर रे. नंतर थंडी येतेच आहे. तेवढं धर."

मला धरायचे होते. पण धरायला हात लागतात, आणि मी म्हणजे नुसती जागा. तिच्या श्वासाच्या वाफेने तिथला एक थेंब सुटला. मी तो थांबवायचा फार प्रयत्न केला.

नऊ तारखेला ओग्दो उतरली तेव्हा तिचा पाय पाण्यात पडला. जे वाचण्यासारखे होते, म्हणजे एक तंगडी आणि थोडे मासे, ते तिने फ्रीझरमध्ये नेले. बाकीचे तिने, सार्गी गाई घेऊन गेलेली असताना, गोठ्यामागे पुरले. नऊ खेपा झाल्या. दर खेपेला ती शिडीच्या मधल्या पायरीवर थांबे, आणि मी तिला वर ढकलू शकत नव्हतो.

संध्याकाळी सार्गी नाक मुरडत आली. "आई, कसला वास येतोय?"

"तुझं खत चांगलं मुरलंय."

"खताला असा वास?"

"चांगल्या खताला असाच येतो. शहरात कुठं मिळतं तसं खत?"

"आणि खड्डा कसा आहे? त्याला काही झालं नाही ना?"

"त्याला काय धाड भरलीय? काही झालेलं नाही."

तेव्हापासून घरात तसेच ठरले आहे. मीही तसेच धरून चालतो. ब्योतुर कुरणातून परतला तेव्हा त्याला माशांचे सूप वाढले. तो म्हणाला, "यंदा मासेच फार." ओग्दो म्हणाली, "तळं भरलंय. आता माशांचेच दिवस आहेत."

आणि मित्रांनो, खालचा गारवा संपल्यावर आठ दिवसांत काकडी धरली. एक नव्हे, एकवीस.

पहिली काकडी घेऊन सार्गी माझ्या झाकणावर येऊन बसली. शेजारी ओग्दोला बसवले. चाकूने मधोमध चिरून मीठ लावले. दोघींनी कुरकुर चावून खाल्ली.

"कशी आहे?"

"पाणीदार आहे," ओग्दो म्हणाली.

सार्गी हसली. तीन वर्षांत मी तिचे हसणे ऐकले नव्हते. माझे झाकण त्या हसण्याने हलले. मग तिने फोन काढला. "हॅलो ताई? नाही गं, यंदा नाही येत. अगं, माझ्या काकड्या कोण बघणार? ब्योतुरवर सोडू? तो 'उद्या बघू' म्हणेल! ती खोली दे दुसऱ्या कोणाला."

फोन ठेवून ती म्हणाली, "आई, पुढच्या वर्षी दोन वाफे घालू या? टोमॅटो पण लावते."

ओग्दोने काकडीचा देठ चघळला. झाकणाच्या फळीवर तळवा ठेवला.

"घाल," ती म्हणाली. "जागा आहे."

मित्रांनो, तुमच्या अंगणात माझ्यासारखा कोणी असेल तर त्याच्या डोक्यावरचा बर्फ आजच झाडा, उद्यावर टाकू नका. माझे आता तेवढ्याने भागण्यासारखे नाही. आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असते की हिवाळा म्हणजे एक पांढरा बैल आहे, तो उत्तरेच्या समुद्रातून चढून येतो आणि त्याच्या श्वासाने जमीन गोठते. तेव्हा योग्य त्या ठिकाणी मी अर्ज करत आहे.

प्रति,
माननीय थंडीचा बैल,
उत्तर समुद्र.

विषय : अर्जदार खड्ड्यास पुन्हा गोठवून मिळणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून नम्रपणे कळविण्यात येते की, अर्जदाराच्या माथ्यावरील शेणाचा वाफा हलविणे शक्य नाही, कारण वाफा हलल्यास घरातील एक सून व एक मुलगा यांच्या हलण्याची शक्यता आहे. सबब, यंदाची उणे पंचावन्न अंशांची थंडी बर्फ पडण्यापूर्वी पाठवावी. ती वरून न येता खालून यावी. अर्जदारास एप्रिल अखेरपर्यंत तळापासून छतापर्यंत गोठवून देण्यात यावे, आणि पुढील उन्हाळ्यात छताच्या लगत वर असलेल्या काकडीच्या मुळांना तो गारवा कोणत्याही परिस्थितीत जाणवू नये, ही विनंती.