पुढची रांग

सभागृहात मुंगीला शिरायला जागा उरली नव्हती, आणि धाकटा भाऊ बाजूचं दार उघडायला निघाला होता. ताईनं स्टेजच्या पायऱ्यांवरच त्याला अडवलं.

"कुठे चाललास?"

"बाहेर केवढी पोरं ताटकळली आहेत बघ. उन्हात उभी ठेवू त्यांना?"

"आणि आत काय, माणसावर माणूस रचणार आहेस?"

"ताई, कुणालाही परत पाठवायचं नाही, हे कुणाचे शब्द?"

शब्द तिचेच होते, अगदी पहिल्या वर्षीचे. ती कॉलेजात आणि हा शाळेत असताना चर्चमध्ये ड्रम वाजवायला मोठ्यांनी साफ नकार दिला होता. मग या दोघांनी चर्चच्या तळघरातली मोडकी बाकं भिंतीला सारली, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्यांना गाद्या लावल्या, रंगाची रिकामी डबडी पालथी घातली आणि तरुणांचा भक्तिसंगीत महोत्सव सुरू झाला. गाणी स्वतः रचलेली, चाली बऱ्याचशा ढापलेल्या. पुढच्या वर्षी इतर चर्चमधली पोरं आली. मग तळघर पुरेना म्हणून शाळेचा हॉल घेतला. चर्चच्या ज्या खजिनदारांनी सगळ्यात जास्त आकांडतांडव केलं होतं, तेच पुढे माईक आणून द्यायला लागले. एका वर्षी बक्षिसावरून दोन गायनमंडळांचं असं बिनसलं की महोत्सवच झाला नाही; बक्षिसं कायमची बंद केली, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. तोवर ताई गायनशिक्षिका झाली होती, भाऊ चर्चचा पाळक. आणि यंदा, दोघांचे केस पिकल्यावर, हे प्रदर्शनाचं अवाढव्य सभागृह, त्यात रेडिओवर गाजणारा बँड.

"ते तळघर होतं रे," ती म्हणाली. पण तो गेला होता.

दार उघडलं आणि बाहेरची पोरं लोंढ्यासारखी आत घुसली. तो धक्का माणसांतून सरकत सरकत पुढच्या कठड्यापर्यंत आलेला ताईला वरून दिसला. बँड जोरात होता. सगळं सभागृह गात होतं. फक्त पुढची पोरींची रांग गात नव्हती. आयुष्यभर पोरांना श्वास कुठे घ्यायचा ते शिकवलेली बाई ती. त्या पोरींची तोंडं उघडी होती, पण छाती हलत नव्हती.

ती धावत आवाज सांभाळणाऱ्या माणसाकडे गेली. "बंद कर सगळं!"

"एकदम बंद केलं तर काय झालं ते बघायला मागचे आणखी पुढे येतील, ताई."

खरं होतं. मग ती स्टेजवर चढली आणि गाणाऱ्या पोराच्या कानाशी लागली. म्हातारीचं डोकं फिरलं की काय, अशा नजरेनं त्यानं तिच्याकडे पाहिलं. तिनं बोटानं खाली दाखवलं. त्यानं खाली पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. न थांबता त्यानं ड्रमवाल्याला हातानं खूण केली. ताल संथ झाला, अगदी हळू झाला. माईक तिच्या हातात आला.

"सगळ्यात मागचे, दाराबाहेर चला. आधी मागचे. पुढच्यांनी जागचं हलायचं नाही."

शिट्ट्या झाल्या. कुणीतरी मोठ्यानं हसलं. एक पाऊलही मागे पडलं नाही. दारात भाऊ उभा होता. एवढ्या डोक्यांवरून त्याला पुढचं काय दिसणार?

"पाळकसाहेब," भावाला तिनं आयुष्यात पहिल्यांदा अशी हाक मारली, "दार मोकळं करा. पोरं गुदमरताहेत."

क्षणभर तो थिजला. मग दोन्ही हात पसरून, घसा फाटेस्तोवर ओरडत, तो पोरांना बाहेर रेटू लागला. मागून गर्दी सैल झाली. पुढे स्वयंसेवकांनी एकेकीला कठड्यावरून उचलून घेतलं. एकीला खाली उभं केलं, तर ती उभीच राहीना.

दवाखान्यात कळलं की तिच्या बरगड्या मोडल्या होत्या, फुप्फुसाला मार बसला होता. तिची आई व्हरांड्यात आली. "एवढ्या गर्दीत आणखी पोरं आत सोडली कुणी?"

ताई काही बोलायच्या आत भाऊ पुढे झाला. "मी."

बाईनं त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "मग आता माझ्यासमोर उभे राहू नका."

तो बाहेर जाऊन पायरीवर बसला. ताई शेजारी टेकली.

"तू मला थांबवायला हवं होतंस," तो म्हणाला.

"थांबवलं होतं."

"हात धरून थांबवायचं."

तिला संताप आला. माझ्याच शब्दांनी माझं तोंड बंद केलंस, असं ओठांवर आलं होतं. पण तो लहानपणी रडायचा तसा, आवाज न करता रडत होता.

मुलगी वाचली. पुढच्या वर्षी महोत्सव भरला नाही. त्यानंतरच्या वर्षी भरला, पण शाळेच्या हॉलमध्ये, मोजकेच पास काढून, नावाजलेल्या बँडशिवाय. भावानं समितीत आपलं नाव घालू दिलं नाही. तो खुर्च्या मांडायला आला. काही पोरं पास नाही म्हणून दारातून परत गेली, तेव्हा ताई त्यांच्याकडे बघत दारातच उभी राहिली. ती मुलगी आली नाही. ताईनं केलेला फोन तिच्या आईनं उचलला; ती बाई ताईशी बोलली मात्र नीट.