पहिली गाडी ठेकेदाराची

शर्यतीत उतरलेल्या एकवीस चालकांपैकी वीस जणांना जिंकायचं होतं. एकविसावा, म्हणजे ज्ञानेश्वर ठेकेदार, रस्ता टिकावा एवढीच अपेक्षा ठेवून स्टिअरिंगमागे बसला होता. रस्ता त्यानेच बांधला होता, त्यामुळे ही अपेक्षा जरा मोठीच होती.

कोल्हदरा घाटाचा हा रस्ता उंद्रीच्या पलीकडून चढतो, पठारावर हरभऱ्याच्या शेतांना वळसा घालतो आणि सात किलोमीटरचा फेरा मारून पुन्हा पायथ्याशी येतो. पाच महिन्यांपूर्वी त्याचं उद्घाटन झालं. तेव्हापासून इथल्या आमदारसाहेबांना वाटत होतं, की इतका गुळगुळीत रस्ता नुसत्या सोयाबीनच्या ट्रॅक्टरांवर वाया घालवणं बरं नाही. त्यांनी एका मोटर क्लबला गाठलं, फेब्रुवारीतल्या एका रविवारी रस्ता बंद ठेवायचं ठरवलं आणि हौशी चालकांची शर्यत जाहीर करून टाकली. दर दोन मिनिटांनी एक गाडी सोडायची, सगळ्यात कमी वेळात फेरा पुरा करील तो पहिला. मुख्य प्रायोजक म्हणून ज्ञानेश्वरचा फोटो फलकावर साहेबांच्या शेजारी आला. डोकं साहेबांच्या खांद्याला लागेल इतक्या बेताने लावला होता.

फलक छापून झाल्यावर घरात कळलं, की सुचितानेही नाव दिलंय.

सुचिता त्याची एकुलती एक मुलगी. बावीस वर्षांची, लाल छोटी गाडी चालवायची आणि चालवायची ती झकास. "बाबांचा रस्ता आहे," ती जेवताना म्हणाली, "डोळे मिटून जाईन." ज्ञानेश्वरला ठसका लागला. बायको पाठ थोपटत म्हणाली, पोरीचा एवढा अभिमान बरा नव्हे.

अडचण चौथ्या किलोमीटरवर होती. तिथे उजवं वळण, वळणावर नाल्याची मोरी आणि मोरीच्या अंगाला जनकाबाईचं शेत. मोरीच्या डाव्या कडेचा भराव थरावर थर टाकून रोलरने दाबायचा असतो, हे ज्ञानेश्वरला पुस्तकातूनही माहीत होतं आणि अनुभवातूनही. पण उद्घाटनाची तारीख आठ दिवस अलीकडे आली. मग माती लोटली, वर मुरूम, वर नावापुरती खडी, वर डांबर आणि डांबरावर पांढरी पट्टी. पट्टीचं काम मात्र उत्कृष्ट झालं.

दुरुस्ती करता आली असती. पण रस्ता अजून हमीच्या काळात होता आणि कोणी न सांगता दुरुस्ती करणारा ठेकेदार दिसला, की लोकांना भलताच संशय येतो. सुचिताला घरी थांब म्हणता आलं असतं. तिने का म्हणून विचारलं असतं. मग रात्रंदिवस विचार करून ज्ञानेश्वरने एक मधला मार्ग काढला, आणि एकोणपन्नासाव्या वर्षी, रक्तदाबाची गोळी घेऊन, स्वतःचं नाव शर्यतीत घातलं. प्रायोजकाचा मान म्हणून पहिला नंबर मागून घेतला. सुचिताची चिठ्ठी दुसरी निघेल अशी व्यवस्था केली. त्याची पांढरी गाडी दोन टनांची. ती भर वेगात डाव्या कडेवरून गेली आणि कड टिकली, तर मागून येणारी हलकी गाडी आरामात जाईल. नाही टिकली तर काय, हा भाग त्याने अजून योजला नव्हता.

बाकीच्या एकोणीस जणांची त्याला काळजी नव्हती असं नाही. पण ती काळजी सहन होण्यासारखी होती.

"भाऊ, पट्टा आवळा," डावीकडून फहीम म्हणाला.

गाडीत रस्ता वाचून सांगणारा एक जोडीदार घेता येईल, असा नियम होता. फहीम एकोणीस वर्षं ज्ञानेश्वरचा रोलर चालवत होता. या रस्त्याचा वीतभर तुकडाही असा नव्हता, ज्यावरून तो ताशी चार किलोमीटरने मागेपुढे गेला नव्हता. त्याने शाळेच्या वहीत सगळी वळणं लिहून आणली होती. वळणांबरोबर बाकीचंही लिहिलं होतं, कारण त्याला रस्ता तसाच आठवायचा.

"ते वही फेरा झाला का फाडून टाक," ज्ञानेश्वर म्हणाला.

"हाव. पण भाऊ, एक इचारू? मोरीचा गड्डा कोन्या बाजूनं हाय?"

"डाव्या."

"अन् मी?"

ज्ञानेश्वरने आरसा सारखा केला. फहीमने स्वतःचाही पट्टा आवळला.

"तुले यायचं नसन तर उतर," ज्ञानेश्वर शेवटी म्हणाला.

"उतरून काय करू? भराव दाबाचा सोडून रोलर म्याच नेला होता नं तिथून. तुमी सांगतलं, पण चाक तर माह्याच हाती होतं." त्याने वही उघडली. "चला. बिस्मिल्ला."

मागच्या गाडीतून सुचिताने हात हलवला. साहेबांनी झेंडा खाली केला.

पहिला किलोमीटर ज्ञानेश्वरने बैलगाडीमागे अडकल्यासारखा काढला. "भाऊ," फहीम म्हणाला, "या चालीनं गेलो तर पोरगी मोरीच्या आधीच आपल्याले गाठन." ते खरं होतं. ज्ञानेश्वरने पाय दाबला. इंजिन ओरडलं, झाडं एकमेकांना चिकटू लागली. आयुष्यात तो याआधी एकदाच ऐंशीच्या वर गेला होता, तेही समृद्धी महामार्गावर, आणि तेव्हा बायको बाजूला बसून स्तोत्र म्हणत होती.

"पुढं डावं, उघडं, चालू द्या. मंग आमराई. तिथं डांबर थंडं पडलं होतं, आतून घ्या. आतून, भाऊ, आतून!"

चाकाखाली काहीतरी खरडलं, गाडी हलकी झाली आणि पुन्हा जमिनीला लागली.

"आता उजवं, आवळतं. पुढं सरळ. हे चांगलं हाय, हे साहेबाच्या जावयाच्या धाब्यासमोरचं. दाबा!"

ज्ञानेश्वरने दाबलं. तळहात घामाने सटकत होते. हेल्मेटच्या आत स्वतःचा श्वास एखाद्या दुसऱ्याच, आजारी माणसाचा असावा तसा ऐकू येत होता. प्रत्येक वळणावर लाल-पिवळे झेंडे घेतलेले स्वयंसेवक दिसत होते. पुढे काही झालं तर तेच झेंडा दाखवून मागच्या गाडीला थांबवणार होते. फक्त मोरीच्या वळणावर कोणी नव्हतं. "तिथं काही नाही, माणूस कशाला अडकवता," असं ज्ञानेश्वरनेच क्लबवाल्यांना सांगितलं होतं. रिकामा उभा असलेला माणूस कडेला वाकून बघतो. ही त्याला तेव्हा फार धोरणाची गोष्ट वाटली होती.

"चढ संपला. आता दोनशे मीटर सरळ, मंग..." फहीमने वहीत पाहिलं नाही. "मंग मोरी. कितीवर हाये?"

"सत्तर."

"ते किती जाईन?"

सुचिता नव्वदने येणार, हे दोघांनाही माहीत होतं.

ज्ञानेश्वरने दात आवळले आणि पाय खाली नेला. काटा ऐंशीवर थरथरला, पुढे सरकला. वळण उघडलं. शहाणा माणूस इथे आतून, डोंगराला धरून गेला असता. ज्ञानेश्वरने गाडी डाव्या कडेला, त्या उत्कृष्ट पांढऱ्या पट्टीवर नेली.

पुढचं चाक गेलं. क्षणभर त्याला वाटलं, टिकला! माझा रस्ता टिकला! आणि छातीत खरोखरचा अभिमान दाटून आला.

मग मागचं चाक गेलं, ते रस्त्यात.

आवाज मोठा झाला नाही. भाकर मोडावी तसा झाला. गाडीची मागची बाजू खचली, शेपूट डावीकडे ओढलं गेलं, पुढची काच आभाळाने भरली, आणि गाडी पोटावर घासत मोरीच्या कठड्याला अडकून थांबली. कठडा जुना होता, आधीच्या ठेकेदाराचा.

"फहीम?"

"हाय." फहीमने आपल्या बाजूचं दार ढकलून पाहिलं. खाली वीस फूट काहीच नव्हतं. त्याने दार हळूच ओढून घेतलं. "तुमच्या बाजूनं निघतो, भाऊ. तुमी आधी निघा, पण अंमळ हळू."

दोघे रांगत बाहेर आले. उरलेली कड ढेकळाढेकळांनी नाल्यात सांडत होती. ज्ञानेश्वरने फोन काढला. रेंज नव्हती. आणि मग खालून, घाटाच्या दोन वळणांपलीकडून, इंजिनाचा बारीक, तडफदार आवाज आला.

"आली," फहीम म्हणाला.

वळणाअलीकडून इथलं काही दिसत नव्हतं. दिसेपर्यंत ती नव्वदने मोरीवर आलेली असणार. ज्ञानेश्वर धावला. नव्वद किलोचा माणूस डोक्यात हेल्मेट घालून वळणाच्या मागे उलटा धावत होता आणि हाताला लागेल तो दगड उचलून रस्त्यात टाकत होता. अकरा रस्ते बांधले, एकावरही त्याने 'काम चालू' अशी पाटी लावली नव्हती. फहीम मागून गळ्यातला लाल रुमाल फडकवत धापा टाकत येत होता.

बांधावर जनकाबाई उभी होती. सत्तरीची असेल. डोक्यावर तुराट्यांचा, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांचा भारा होता.

"मावशी, ते तुराट्या टाका रस्त्यात! लवकर टाका!"

"म्या तवाच म्हनलं होतं बापू," जनकाबाई जागची न हलता म्हणाली, "का माती दाबली नाई. तुह्या त्या मुन्शीनं मलेच हाकललं."

"मावशी, माही पोरगी येऊन राह्यली वो!"

जनकाबाईने भारा फेकला. ज्ञानेश्वरने तो उचलून रस्त्याच्या मध्यावर आपटला, दोर तोडला, तुराट्या आडव्या पसरल्या आणि स्वतः त्यांच्यामागे हात पसरून उभा राहिला. लाल गाडी खालच्या वळणातून बाहेर पडली. त्याला काचेमागे हेल्मेट दिसलं, मग टायरांची किंकाळी ऐकू आली, गाडी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झुकली. त्याने डोळे मिटले.

तुराट्या कडकड मोडत गेल्या आणि थांबल्या. डोळे उघडले तेव्हा गाडीचं तोंड त्याच्या गुडघ्यापासून हातभर होतं.

"बाबा!" सुचिता उडी मारून उतरली. "लागलं का? फहीमचाचा, तुम्हाला?"

"नाई बेटा, समदं जागच्या जागी हाय."

ती पुढे मोरीपर्यंत चालत गेली. ज्ञानेश्वर मागोमाग गेला. जाऊ नये असं वाटत असूनही गेला. तुटलेली कड केक कापल्यासारखी उभी दिसत होती. वर काळा पापुद्रा, त्याखाली चिमूटभर खडी आणि मग खालपर्यंत मोकळी माती. सुचिता खाली बसली. तिने डांबराचा एक तुकडा धरला, तो हातात आला. तिने तो उलटा करून पाहिला आणि जपून, घरच्या वस्तूसारखा, परत ठेवला. 

टायरांची किंकाळी ऐकून खालच्या वळणावरच्या स्वयंसेवकाने झेंडा दाखवला होता आणि मागच्या गाड्या तिथेच थांबल्या होत्या. पाच-सात मिनिटांत क्लबचे निरीक्षक मोटारसायकलवर आले. पुण्याचे गृहस्थ, पांढरी टोपी, हातात कागद अडकवलेली पाटी. कोणी जखमी नाही म्हटल्यावर त्यांना फार बरं वाटलं.

"पहिल्यांदा चालवताना होतं असं," ते ज्ञानेश्वरला म्हणाले. "बाहेरची रेषा घेतलीत ना? कारण काय लिहू? चालकाचा अंदाज चुकला, असं लिहितो."

यात खोटं असं काहीच नव्हतं. ज्ञानेश्वरने मान हलवायला सुरुवात केली.

"साहेब खाली थांबलेत, त्यामुळे स्पर्धा पुढे चालू ठेवू. इथे दोन शंकू ठेवतो, सगळ्यांना आतून जायला सांगतो. मॅडम, तुम्हाला पुन्हा सुरुवात मिळेल." निरीक्षकांनी रस्त्याकडे कौतुकाने पाहिलं. "बाकी रस्ता काय, नवाच आहे."

सुचिताने हेल्मेट उचललं. डोक्यात घालता घालता ती थांबली आणि पहिल्यांदाच तिने ज्ञानेश्वरच्या डोळ्यांत पाहिलं.

"पुढचा चांगला आहे ना, बाबा?"

तिने चेष्टेने विचारलं नव्हतं, रागानेही नाही. हो म्हणाला असता तर ती गेली असती. नव्वदने गेली असती.

खाली लाउडस्पीकरवर साहेबांचं भाषण चालू होतं. 'आदर्श रस्ता' एवढे दोन शब्द वाऱ्याबरोबर वर आले. जनकाबाई मोडलेल्या तुराट्या गोळा करत होती. ज्ञानेश्वरने फहीमपुढे हात केला. फहीमने त्याच्या तोंडाकडे नीट पाहून घेतलं आणि शर्टाच्या आतून वही काढून दिली. ज्ञानेश्वरने ती निरीक्षकांच्या पाटीवर, त्यांच्या कागदाच्या वर ठेवली.

"हे काय?"

"शर्यत थांबवा," ज्ञानेश्वर म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही. "अशा अजून चार जागा आहेत. यात लिहिल्यात."

निरीक्षकांनी वही उघडली. सुचिताने हेल्मेट हळूच बॉनेटवर ठेवलं.

"पाच, भाऊ," फहीम खाकरून म्हणाला. "शाळेपुढची म्या लिवली नव्हती. म्हनलं, तुमाले वाईट वाटन."