बिभीषण फोटोवाल्यांचा न उघडणारा फोटो

मित्रांनो, मी नगरकडच्या कर्जतच्या बिभीषण फोटोवाल्यांचा जुना कॅमेरा आहे. माझ्या पकडीचे रबर दोनदा सुटले आणि दोन्ही वेळा त्यांनीच ते चिकटवले. त्यांचा अंगठा जिथे टेकायचा, तिथे ते अजून गुळगुळीत आहे. मी सहसा बोलत नाही. पण गेल्या महिन्यात मी इतका घाबरलो की तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझी भीती कळायची तर आधी माझे काम कळले पाहिजे. बटण दाबले की माझ्या आतल्या पाटीवर उजेड पडतो. तो सगळा जसाच्या तसा साठवला, तर त्याला रॉ फाईल म्हणतात. ती जड असते, दिसायला फिकट असते आणि साध्या कॉम्प्युटरवर उघडतही नाही. म्हणून मी दुसरेही एक काम करतो. पापणी लवायच्या आत मी ठरवतो की रंग किती गडद हवा, कुठला अंधार कामाचा नाही. मला नको वाटते ते मी टाकून देतो आणि उरलेले आवळून लहानशी फाईल बनवतो. ती जेपीजी. ती लगेच उघडते, मोबाईलवर जाते, गिऱ्हाईक खूश होते. टाकून दिलेले मात्र मलाही परत आणता येत नाही.

नऊ वर्षे मी लग्ने काढली, बारशी काढली, शाळांची स्नेहसंमेलने काढली. ऊसतोडीला निघायच्या आधी एखादे कुटुंब दुकानात येऊन ओळीने उभे राहायचे, तेही काढले. "बिभीषणअण्णाचा कॅमेरा लई गोरा फोटो काढतो," असे लोक म्हणायचे आणि मला अभिमान वाटायचा.

दुकानात आणखी एक काम चाले. कुणाच्या घरचे माणूस गेले की नातेवाईक त्याच्या आधार कार्डावरचा फोटो घेऊन येत. अण्णांच्या कॉम्प्युटरमध्ये एक तयार धड होते, काळा कोट आणि वर गुलाबी फेटा, मध्ये चेहऱ्याची जागा रिकामी. त्या जागी ते चेहरा बसवून देत. तालुक्यातल्या कितीतरी भिंतींवर तो एकच कोट आहे. अण्णा म्हणायचे, "जित्तेपनी कोट मिळाला न्हाई, आता तरी घाला म्हनावं." असे म्हणून हसायचे, पण गळ्याचा सांधा जुळेपर्यंत खुर्चीवरून उठायचे नाहीत.

त्यांची मुलगी सत्यशीला सुप्याच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. सुट्या भागांचे फोटो काढून त्यांतले दोष शोधणे हे तिचे काम. दिवाळीला आली तेव्हा तिने माझी सेटिंग बदलली. यापुढे प्रत्येक फोटोच्या दोन्ही फाईल ठेवायच्या.

"आगं, ती दुसरी उघडतच न्हाई," अण्णा कुरकुरले. "नुसता पांढरा कागद दिसतो. निम्मं कार्ड खाती."

"खाऊ द्या की, अण्णा. एक दिवस लागेल."

त्यांनी सेटिंग तशीच ठेवली, पण दुकानाची रीत सोडली नाही. काम झाले की उघडतील त्या फाईल कॉम्प्युटरवर घ्यायच्या आणि कार्ड पुसून टाकायचे. त्यांचे धाकटे भाऊ गोरक्षनाथ हीच रीत शिकले.

माघातल्या एका दुपारी अण्णांच्या पत्नी पुष्पावतीबाई डबा घेऊन दुकानात आल्या. अण्णांना काय वाटले कोण जाणे, त्यांनी मला बाईंच्या हातात दिले आणि स्वतः जाऊन दारात उभे राहिले.

"दाब. त्ये न्हाई, वरचं बटन."

"माझ्या हातनं मोडंल काहीतरी."

"नऊ वर्सं आपटतोय त्यो, मोडला न्हाई. तू दाब!"

अण्णांच्या मागे रस्त्यावर पांढरे ऊन पेटले होते. मी त्या उन्हाला महत्त्व दिले आणि त्यांचा चेहरा काळा करून टाकला. पडद्यावर बघून ते हसत सुटले. "आगं, पार कोळसा केलास की माझा!" ते पुसायला निघाले, तशा पुष्पावतीबाईंनी त्यांचा हात धरला. "असू द्या. म्या काढल्याला हाय."

अकरा दिवसांनी, कार्ड पुसावे लागेल असे एकही काम यायच्या आत, अण्णांच्या छातीत कळ आली. ते पुन्हा दुकानात आले नाहीत.

दहाव्याला फोटो हवा होता. घरभर फोटो होते, पण सगळे अण्णांनी काढलेले. त्यांचा स्वतःचा असा आधार कार्डावरचा एकच. गोरक्षनाथांनी माझी काळी जेपीजी कॉम्प्युटरवर घेऊन उजळून पाहिली. चेहऱ्याच्या जागी राखाडी डाग आले. मी तिथले सगळे टाकून दिले होते, तर येणार कुठून?

"ह्यात काय न्हाई," ते म्हणाले. मग त्यांनी आधार कार्डावरचा चेहरा कोटात बसवला आणि घरी मोबाईलवर पाठवला. त्यात त्यांची माया होती. दादाने साऱ्या तालुक्याला घातला, तोच कोट दादाला.

सुतक फिटल्यावर लगेच मिरजगावला साखरपुडा होता. अण्णा गेल्यानंतरचे ते पहिलेच काम. त्यासाठी दुसऱ्याच दिवशी कार्ड रिकामे करायला गोरक्षनाथांनी मला हातात घेतले. त्यावर अजून ती न उघडणारी फाईल होती आणि ती दुसरीकडे कुठेच नव्हती. मी पडद्यावर नेहमीचा प्रश्न विचारला, सगळे पुसायचे का? मला तेवढेच विचारता येते. काय पुसले जाईल, हे सांगता येत नाही. त्यांचा अंगठा बटणावर आला.

"नाना, आईनं काढलेला फोटो कुठाय?"

सत्यशीला दारात उभी होती. तो कोट पाहून ती घरून तशीच चालत आली होती. मागून पुष्पावतीबाई येत होत्या.

"बघितला की. काळा ठिक्कर हाय."

"त्याची दुसरी फाईल?"

"कुठली दुसरी?"

"न उघडणारी."

"ती व्हय? ती पुसायचीच असती. आत्ता पुसतच हुतो."

सत्यशीलाने हात पुढे केला. गोरक्षनाथांनी गोंधळून मला तिच्या हातात दिले. कार्ड काढायला तिला तीन वेळा प्रयत्न करावा लागला.

तिच्या लॅपटॉपवर ती फाईल उघडली. तिथेही चेहरा काळाच होता. ती अंधार थोडा थोडा वर उचलू लागली, आणि मला नवीनच भीती वाटली. त्या दुपारी मी खरोखर काही पाहिले होते का?

आधी सदऱ्याची कॉलर दिसली, मग दाढीचे पांढरे खुंट, कानाखालचा जुना व्रण. सगळ्यावर रव्यासारखी कणी होती. मग डोळे आले. ते माझ्याकडे पाहत नव्हते. माझ्या थोडे वर, मला धरणाऱ्या माणसाकडे पाहत होते. तोंड अर्धवट उघडे होते.

पुष्पावतीबाई पडद्याजवळ वाकल्या. "'दाब' म्हनत्यात," त्या म्हणाल्या.

गोरक्षनाथांनी नाक ओढले. "कोट घालू का ह्याला, वहिनी?"

"नगं, भावजी. सदऱ्याचं वरचं बटन तुटल्यालं हाय, ऱ्हाऊ द्या तसंच."

दहाव्याला तोच फोटो ठेवला. पाया पडता पडता कुणीतरी म्हणाले, "अण्णा लई काळे आल्यात." पुष्पावतीबाई म्हणाल्या, "तसेच हुते."

मित्रांनो, मी चटकन दाखवतो, ते माझे घाईतले मत असते. ते चुकले तर दुरुस्तीला मूळ फाईल लागते. ती जड असते, उघडत नाही, जागा खाते. तरी ती सांभाळा. आणि पुसायचीच असेल, तर आधी घरात कुणालातरी विचारा.

ते कार्ड आता पुष्पावतीबाईंच्या डब्यात आहे. माझ्यात नवे कार्ड आहे. काम संपले की मी अजून तोच प्रश्न विचारतो आणि विचारताना अजून घाबरतो. पण गोरक्षनाथांचा अंगठा आता बटणावर येऊन थोडा थांबतो. तुमच्याकडेही माझे मागणे तेवढ्या थांबण्याचेच आहे.