रडणाऱ्या आईचं डोकं

बाहुल्यांच्या नव्या नाटकात मी कोरलेलं नवं डोकं लागलं नाही, माझंच जुनं लागलं, आणि सगळं थिएटर हमसून हमसून रडलं. हे झालंच नाही असं समजून पुढे वाचा. मीही तसंच समजून राहतोय. जेवण जातंय.

तर, मी लाकडाची डोकी कोरतो. हात, पाय, दोऱ्या हे बाकीचे लोक बघतात. माझ्याकडे मानेच्या वरचा विभाग. पद्धत सोपी आहे. समोर आरसा ठेवायचा, हवा तो भाव स्वतःच्या तोंडावर आणायचा आणि पटाशीने तो लाकडात उतरवायचा. त्यामुळे आमच्याकडचे राजा, न्हावी, चेटकीण आणि गाढव हे सगळे माझे सख्खे नातेवाईक दिसतात. गाढव जरा जास्तच.

नव्या नाटकाच्या शेवटी एक आई आहे. मुलगा बोटीत बसून कायमचा निघून जातो आणि ती नुसती उभी राहते. एक शब्द बोलत नाही. म्हणजे जे काय रडायचं ते चेहऱ्यानेच.

पहिलं डोकं दिग्दर्शक सरांनी दिव्याखाली फिरवून बघितलं.

"ही मुलाला निरोप देतेय, की कटकट गेली म्हणून खूश आहे?"

"सर, डोळ्यांत पाणी आहे."

"हसून हसून आल्यासारखं आहे ते."

दुसऱ्या डोक्याला सर म्हणाले, "हिला बढती मिळालीय." तिसऱ्याकडे बघून स्वतःच हसले आणि मग माझ्यावर चिडले.

"लग्न झाल्यापासून हे सुरू झालंय तुझं. आधी कोरलेली ती विधवा आठव. काय चेहरा होता! लोक डोळे पुसत बाहेर पडायचे. तेव्हा तू दुःखी होतास, तुझ्या हातात काहीतरी होतं. आता सुखी झालास, बस गाढवं कोरत."

बाहुल्यांचे कपडे शिवणाऱ्या काकूंनी तोंडातली टाचणी काढली, कारण वाक्य मोठं होतं. "बायको चांगली आहे रे तुझी. तोच तर घोळ आहे."

काकूंचा स्वभाव असा की जे पाठीमागे बोलतात ते त्या तोंडावरही बोलतात. बायको एकदा मला न्यायला आली, तेव्हा तिलाही त्यांनी हे प्रेमाने सांगून टाकलं.

घरी बायको ताटं पुसत होती. "म्हणजे मी आले आणि तुझी कला गेली?" अगदी सहज विचारलं तिने. पण एकच ताट ती फार वेळ पुसत होती.

"काहीतरीच काय!"

"मग रडव ना त्या बाईला."

आता हे डोकं नाटकापुरतं राहिलं नव्हतं. ती बाई रडली नाही, तर माझी बायको जन्मभर एकच ताट पुसत बसणार होती.

सुरुवात म्हणून आम्ही भांडायचं ठरवलं.

"तू ओला टॉवेल गादीवर टाकतोस," ती म्हणाली.

"टाकतो."

"असं लगेच कबूल केलंस तर कसं भांडायचं?"

"तू ओरड ना."

"दिवसभर लोक माझ्यासमोर आ करून ओरडतात. घरी आल्यावर मला नाही ओरडवत."

ती दातांची डॉक्टर आहे. आम्ही हसलो, आणि एक अख्खी संध्याकाळ आनंदात वाया गेली.

मग मी एकटाच आरशासमोर बसून दुःखाचे विचार केले. मेलेली माणसं आठवली, नापास झालेले विषय आठवले, लग्नाआधी मला सोडून गेलेली एक मुलगी आठवली. आरशातला इसम जेवून उठल्यासारखा दिसत होता.

शेवटी बायकोच सुट्टी काढून आमच्या बाहुल्यांच्या कारखान्यात आली. "ती तुमची नावाजलेली विधवा दाखव बघू मला." मी फळीवरून डोकं काढून दिलं. तिने ते खिडकीपाशी नेलं, हनुवटी धरून वर केली, अंगठ्याने डावा गाल चाचपला आणि चक्क म्हणाली, "खालची डावी अक्कलदाढ."

"काय?"

"हिला दुःखबिख काही नाही. हिच्या दाढेखाली पू झालाय. जबडा बघ कसा सुजलाय. डावा डोळा बारीक झालाय. ओठ मुद्दाम मिटलेत, वारं लागू नये म्हणून. अरे, ही तुझी दाढ आहे! मीच काढली ती."

खरंच की! आमची ओळखच त्या दाढेमुळे झाली. विधवा कोरत होतो तेव्हा ती मुलगी नुकतीच सोडून गेली होती, आणि अर्धं तोंड ठणकत होतं. मला वाटलं, प्रेमभंग असाच कानापर्यंत जात असेल.

मी धावत सरांकडे गेलो. "सर, सुखाचा काही संबंध नाही! ती दाढ होती!"

सरांचा चेहरा पडला. तो कोरून घ्यायला हवा होता. "हे बाहेर बोलू नकोस," ते म्हणाले. "लोक दाढेसाठी रडत नसतात."

"पण तेच करत आले ना सर लोक!"

"हृदय तुटलं होतं तुझं. मला माहितीये."

"माझं मला माहीत नाही का?"

"कलावंताला स्वतःचं काही कळत नसतं," काकू म्हणाल्या आणि टाचणी परत तोंडात धरली.

मी बायकोला दाढ दुखवून मागितली. तिने डॉक्टरकीची शपथ घेतलीय म्हणे, शिवाय बाकीच्या ठणठणीत आहेत. मग गालात अक्रोड धरून चौथं डोकं कोरलं. ती आई मुलगा जायच्या आधीच त्याचा खाऊ खात होती.

सरांनी विधवेचं कुंकू नसलेलं कपाळ पदराने झाकलं, तिला आई केलं, आणि तेच डोकं लावलं.

"तुझंच काम आहे ना? मग रडतोस कशाला?"

"रडत नाहीये सर. तोच तर प्रॉब्लेम आहे."

पहिल्या प्रयोगाला बोट निघाली, आई उभी राहिली, दाढ ठणकली. लोक हुंदके देऊ लागले. शेजारी बघतो, तर बायकोही रडतेय.

"अगं, तूच सांगितलंस ना, पू झालाय म्हणून!"

"हो ना," ती नाक पुसत म्हणाली. "किती दुखलं असेल रे तुला."

माझ्या तोंडावर आपोआप काहीतरी उमटलं. हाच तो भाव! मी तसाच उठलो, पडद्यामागे जाऊन रंगपटाच्या आरशात पाहिलं. हसत होतो, मूर्खासारखा. कान ते कान.

सबब, संबंधित खात्यास विनंती करण्यात येते की, अर्जदाराची खालची डावी अक्कलदाढ तिच्या मूळ ठणक्यासह, फक्त कामाच्या वेळेपुरती, पूर्वीच्या जागी रुजू करून घेण्यात यावी. बायको मात्र आहे त्याच पदावर कायम ठेवण्यात यावी. आणि यांपैकी कशामुळे काय होतं, याचा लेखी खुलासा खात्याने दिग्दर्शक सरांना परस्पर पाठवावा. काकूंना प्रत देऊ नये.