वीतभर खोका

डॉक्टरीणबाईंनी पुढं सरकवलेला लाकडी खोका पाहून कमळाबाई चक्रावली. जेमतेम वीतभर उंच. तीन महिन्यांपूर्वी तर हाच तिला डोंगराएवढा वाटला होता.

तेव्हा वडगावच्या या दवाखान्यात ती आली होती मुलाच्या, बुधाच्या खांद्याला धरून. वरच्या वाडीची चढण चढताना एकदा तिची छाती भरून आली होती, आणि बुधानं घाबरून वर्षभर तिला खाटेवरून उठू दिलं नव्हतं. बाईंनी नीट तपासलं. हृदय बिघडलेलं नाही, बसून बसून आळसावलंय, म्हणाल्या. त्रेसष्टाव्या वर्षीही त्याला पुन्हा कामाला लावता येतं. त्या दिवशी खोक्यावर तीन मिनिटं चढ-उतार करून मिनिटभर बसल्यावर तिची नाडी एकशे अठ्ठावीस भरली. याच उंचीच्या पायरीवर रोज दोनदा चढा-उतरा, छाती दुखली तर तिथंच थांबा, आणि नाडी शंभराच्या आत आल्याशिवाय वरच्या वाडीला जायचं नाही, असं त्यांनी बजावलं होतं.

नेमकं तिथंच घोडं अडलं होतं. वरच्या वाडीत तिची लेक चिंगी पोटुशी होती. तिच्या खालच्या आणि या वरच्या, दोन्ही वाड्यांतली निम्मी पोरं कमळाबाईच्या हातांवर जन्मलेली. आणि स्वतःच्या लेकीचं बाळंतपण परक्या सुइणीनं करायचं?

धरणाच्या कामावरचा सकाळ-संध्याकाळचा भोंगा झाला की ती भातखाचराच्या बांधावर चढायची, उतरायची, साळ कांडताना मुसळ पडतं त्या लयीत. पहिले काही दिवस दहा-बारा खेपांतच बसावं लागे. शेजारच्या कोंडाजीनं, म्हातारी बांधाला नवस फेडतीय का, म्हणून विचारलंही. तिनं लय सोडली नाही.

आता चिंगीचे दिवस भरले होते.

"चढा," घड्याळ बघत बाई म्हणाल्या.

तीन मिनिटं कधी सरली ते कमळाबाईला कळलंही नाही.

"बाई, ही पायरी हाय का जेवायचा पाट?" मिनिटभर बसल्यावर तिनं विचारलं. "माजा बांध येवढा हाय." तिनं कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत हात दाखवला.

बाईंचा चेहरा उतरला. दुप्पट उंची, आणि तीही तीन महिने. त्यांनी घाईनं तिचं मनगट धरलं. बुधानं श्वास रोखला. अर्धं मिनिट मोजून झालं. त्यांनी पुन्हा मोजायला घेतलं.

"ब्याण्णव," त्या म्हणाल्या, आणि त्यांना हसू आवरेना. "मावशी, अशी चूक पुन्हा कुणाला शिकवू नका. पण जा तुम्ही. वाटेत तीनदा बसायचं."

दुपारी जीपमधून उतरल्यावर ती घरी गेलीच नाही, थेट वरच्या वाडीच्या चढणीला लागली. बुधा पिशवी घेऊन मागं, ती पुढं. तीनदा बसली, आणि तिन्ही वेळा तिच्या आधी बुधानंच बूड टेकलं.

उन्हं कलताना ती चिंगीच्या अंगणात पोचली. उंबऱ्यात कमरेवर हात देऊन उभी असलेली चिंगी बघतच राहिली.

"आये, चालत आलीस?"

"व्हय. पानी तापत ठेव म्हनावं जावंयाला," कमळाबाई अंगणातच बसत म्हणाली. "आनि तू मिनिटभर कळ काढ. बाईंनी सांगितलंय, चढून आलं की आदी नाडी मोजायची."