चंद्रा कुणाच्या हाकेला

शालनच्या मांडीवर वीतभर व्रण होता. शिंग चंद्रा म्हशीचं लागलेलं, पण करणी केरबाची होती, हे शालन कधी विसरली नाही.

केरबा तिचा धाकटा दीर. ती लग्न होऊन कसबा बावड्यात आली त्या वर्षीची गोष्ट. चंद्रा नुकती व्यालेली, रेडकाजवळ कुणाला फिरकू देत नव्हती. नवी नवरी शेणाची पाटी घेऊन गोठ्यात शिरली आणि ह्या बहाद्दरानं गंमत म्हणून दावं सोडलं. "बघू की वैनी कशा पळत्यात!" वैनी पळाल्या नाहीत, भिंतीला सापडल्या. रक्तानं लुगडं भिजलं तरी हा पोट धरून हसतोय. वर गल्लीभर सांगत सुटला की गवळ्याची सून म्हशीला बघून मुतली. तेव्हापासून शालननं गोठ्याचा उंबरा ओलांडला नव्हता. म्हशीच्या गळ्यातली घंटा वाजली तरी तिचे हातपाय गार पडायचे.

नवरा बाळासो होता तोवर निभावलं. दोन हजार एकच्या उन्हाळ्यात तो काविळीनं गेला आणि केरबाला शिंगं फुटली. बावड्यात तेव्हा जिकडं तिकडं नवी घरं उठत होती, गोठ्याच्या जागेवर एका बिल्डरचा डोळा होता. जागा विकायची आणि पोरबाळ नसलेल्या भावजयीला पन्हाळ्याला माहेरी धाडायचं, हा केरबाचा बेत. शालननं वाटा मागितला तेव्हा भावकी बसली.

"गवळ्याच्या घरात कायदा एकच," केरबा मिशीवरून हात फिरवत म्हणाला. "जिच्या हाकेला म्हस येती तिचा गोठा. येऊ दे की चंद्रा वैनीच्या हाकेला! वाटा कशाला, सगळा गोठा देतो!"

बसलेली माणसं खदखदा हसली. भावकीतले थोरले गणपतराव तेवढे हसले नाहीत.

"शब्द दिलास, केरबा. दिवाळीच्या पाडव्याला सगळ्यांम्होरं म्हशी पळवायच्याच हायत. तवाच बघू."

"बघा की! तवर वैनीनं गाठोडं बांधून ठेवलं तरी चालंल."

शालन मान खाली घालून ऐकत होती. सगळ्यांना वाटलं, बाई लाजली. बाई लाजली नव्हती. हसणाऱ्या एकेकाचे दात ती मनात मोजून ठेवत होती.

दुपारी केरबा तालमीच्या कट्ट्यावर पत्ते कुटायला गेला की गोठा मोकळा असायचा. पहिल्या दुपारी ती दारापर्यंत गेली, चंद्रानं मान वळवून नुसतं बघितलं, आणि शालन तिथंच ओकली. सासू तानाबाईनं पाण्याचा तांब्या आणून दिला.

"मरशील ग."

"मरतो तर गोठ्यात मरतो, आत्ती. माहेरी जाऊन न्हाय."

म्हातारीनं तिच्या पाठीवरनं हात फिरवला. मग म्हणाली, "केरबा चाबकानं फोडतोय तिला. काठी बघितली की बिथरती. हात रिकामा दाव, मग जा."

दुसऱ्या दिवशी शालन उंबऱ्याच्या आत गेली. मग रोज जरा पुढं. लांबून पाटी सरकवायची, मग हातानं पेंड-भुशाचं आंबोण द्यायचं, मग मानेखाली खाजवायचं. प्रत्येक घासाला बारीक आवाजात हाक, "चंद्रा, ये बाय." देव आठवून तिला धीर आला नाही. आला तो केरबाचं ते हसणं आठवून. ती दात खाऊन तेच डोळ्यापुढं आणायची आणि पाऊल टाकायची. भीती कमी झाली म्हणाल तर न्हाय. राग तिच्यापेक्षा मोठा होत गेला, एवढंच.

म्हैस तुकतुकीत झाली. केरबा सगळ्यांना सांगत फिरला, "पेंड बदलली मी. जनावर राखायला अक्कल लागती." जनावर कोण राखतंय हे बघायला त्यानं एक दुपार पत्ते सोडले असते तर पुढचं टळलं असतं.

पाडवा उजाडला. रस्त्याच्या दोन्ही अंगाला ही गर्दी. शिंगं रंगवलेल्या, मोरपिसं बांधलेल्या म्हशी आपापल्या मालकाच्या मोटारसायकलीमागं उधळत होत्या. केरबानं सायलेन्सर काढलेली गाडी फुरफुरवली, मागं चंद्राला घेऊन एक गडी चाबूक धरून उभा.

शालन पदर खोचून रस्त्याच्या पार दुसऱ्या टोकाला, मधोमध जाऊन उभी राहिली.

"गणपतराव, मारू का हाक?"

गर्दीत शिट्ट्या वाजल्या. "अगं बाजूला हो, तुडवंल!" कोणीतरी ओरडलं.

"सोड रे म्हस!" गणपतराव गरजले.

केरबा गाडी काढत ओरडला, "चंद्राऽऽ!" मागनं चाबूक कडाडला. म्हैस चौखूर सुटली.

"चंद्रा! ये बाय!"

चंद्रानं कान टवकारले. केरबाच्या गाडीला वळसा घालून ती नीट शालनच्या रोखानं सुटली. तीच शिंगं, तसंच खाली घातलेलं डोकं. मांडीतली जुनी कळ उठली. पळ, पळ, सगळं अंग ओरडत होतं. बाजूला एक ढांग टाकली असती तरी जीव वाचला असता आणि गोठा गेला असता. शालननं दोन्ही हात रिकामे पुढं धरले आणि डोळे उघडे ठेवले.

हातभर अंतरावर चंद्रा थांबली. फुसकारली. गरम श्वास हातांवर आला, मग खरखरीत जीभ.

रस्ता पेटल्यागत ओरडला. केरबा गाडी आडवी टाकून धावत आला. "चोरून फितवलीस व्हय माझी म्हस!" म्हणत त्यानं दाव्याला हात घातला. चंद्रानं नुसतं डोकं हलवलं, आणि केरबा पांढऱ्याफेक विजारीसकट गटारात बसला.

आता गर्दी त्याला हसत होती. शालन त्यात हसली नाही. गुलालाची मूठ हातात घेऊन गणपतराव आले, "दिलेला शब्द शब्द हाय. गोठा तुझा, सूनबाई."

केरबा गटारातनं उठत होता. "वैनी, आवं घरातली गोष्ट, चेष्टेत बोललो वो."

"चेष्टेतच बोलायचास की तू," शालन म्हणाली. "जागा विकायची न्हाय. शेण काढायला गडी लागंल. सकाळी ये. उशीर केलास तर दुसरा बघीन."

"सख्खा दीर हाय मी!"

"म्हणून तर आधी तुला इचारलं."

ती चंद्राला घेऊन निघाली. पाय अजून कापत होते, पण नेसत्या लुगड्यात ते कुणाला दिसले नाहीत.

सकाळी केरबा आला. खाली बघत पाटी उचलली आणि चंद्राच्या मागच्या बाजूनं, भिंतीला घासत आत शिरला. शालन दारात बसून चहा प्याली, सावकाश, बशीत ओतून.