नीनाचं मत

दोष गिरीशचा. त्याची बायको नीना त्याला देत नाही, म्हणून मी देते. मी लंडनच्या स्टॅनमोरमधल्या त्यांच्या दिवाणखान्यातलं फोटोचं पोस्टकार्ड बोलतेय.

माझ्यावर एका गिरणीतल्या बाईचा फोटो आहे. बायकांना मताचा हक्क द्या म्हणून ओरडली, तुरुंगात गेली. सुटल्यावर स्टुडिओत उभी राहिली, छातीवर घोषणेचा पट्टा, ओठ फुटलेला. फोटोग्राफर म्हणाला, फोटोत ओठ नीट करून देतो. ती नको म्हणाली. तिच्या मैत्रिणींनी आम्हा कार्डांना रस्त्यात उभं राहून विकलं. सभ्य म्हातारे आम्हाला विकत घ्यायचे, तिला मिशा काढायचे आणि तिच्याच आईला पोस्टाने पाठवायचे. माझ्यावरही मिशी आहे, पुसट.

मग शंभरेक वर्षं डब्यात. लीड्सच्या जुन्या बाजारात नीना-गिरीशच्या मुलीने, तनूने, मला उचललं. युनिव्हर्सिटी अर्धवट सोडून घरी निघाली होती, आईसाठी काहीतरी न्यायचं होतं. नीनाने मिशी पाहिली. "हलकट मेले," म्हणाली आणि मला फायरप्लेसवर ठेवलं.

मेमध्ये कौन्सिलची निवडणूक होती. पोस्टाने मत द्यायची पाकिटं आली, ती सगळी गिरीशने उचलली. गॅसचं बिल, टॅक्स, मतं, सगळं तोच भरतो. आमच्या घरात मतभेद नाहीत, असं मित्रांना ऐकवतो.

नीना लायब्ररीत कामाला. ती लायब्ररी बंद होऊ देणार नाही, असं म्हणणारी एकच बाई उभी होती. मत तिलाच, हे नीना आठवडाभर तनूला सांगत होती. गिरीशने नीनाच्या मतपत्रिकेवर आपल्या गोल्फवाल्या मित्राच्या नावासमोर फुली मारली आणि 'हे मत मीच दिलं' असं लिहिलेला सहीचा कागद तिच्यापुढे सरकवला.

"माझं मी भरणार होते, गिरीश."

"अगं, घर एक, मत एक. उगाच फाटे फोडू नकोस."

"बाबा, हा क्राइम आहे," तनू म्हणाली.

"डिग्री सोडलेल्यांनी मला कायदा शिकवू नये."

नीनाने सही केली. मग चहा टाकायला उठली. पाकीट त्यानेच चिकटवलं.

माझी बाई मतासाठी तुरुंगात उपाशी राहिली होती. इथे तर दार उघडंच होतं. तरी नीनाला मी काय बोलू? वीस वर्षं ती असंच करत आली, आणि तनूखेरीज कुणालाच त्यात काही खटकलं नाही.

लायब्ररी बंद झाली. नीना घरीच असते, रोज मला पुसते. मी एवढंच मागते: पाकिटावर जिचं नाव असेल, तिलाच ते उघडू द्या.

गिरीशचा मित्र निवडून आला. तनू कार्डिफला गेली. ती गिरीशचा फोन उचलत नाही.